घरातली बाथरूम देखणी करायची आहे? सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत घरांची आतली कामं करताना बाथरूमचे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. बरेच जण मोबाईलमध्ये एक फोटो घेऊन येतात. फोटो सुंदर असतो, पण त्या घरात पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते त्यात दिसत नाही. म्हणून टाइल्सचा विषय निघण्याआधी मी चार गोष्टी विचारतो: पाणी नळाचं की बोअरचं, टाकी किती उंचावर, सांडपाणी कुठल्या चेंबरला जातं, आणि २०१९ च्या पुरात तुमच्या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं. या चार उत्तरांवर अर्धी बाथरूम ठरते. उरलेली अर्धी तुमच्या आवडीची.

आमची बाथरूम जेमतेम ५ बाय ७ फुटांची आहे. तिच्यात काही छान करता येईल का?

येईल, आणि मोठ्या बाथरूमपेक्षा स्वच्छ ठेवायलाही ती सोपी जाईल. लांब भिंतीच्या कडेनं मांडणी करा. दाराजवळच्या दीड फुटात लहान बेसिन, पुढच्या अडीच फुटांत कमोड, शेवटचे तीन फूट अंघोळीला. सात फूट बरोबर भरतात. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १५-१५ इंच मोकळे हवेत आणि समोर किमान २० इंच. यापेक्षा कमी ठेवलं की बसणाऱ्याचा कोपर भिंतीला लागतो.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं केलं तर आतली जागा खऱ्या अर्थानं मोकळी होते. भिंतीत टाकी लपवणारा, जमिनीपासून अधांतरी कमोड घेतलात तर टाकीपुढं चार फूट उंचीची जाडसर भिंत बांधावी लागते. तिचा माथा ग्रॅनाइटनं झाकला की शेल्फ आयतं मिळतं. फरशी आणि भिंत एकाच रंगाची, सांधे कमी आणि बेसिनवर भिंतभर आरसा, एवढ्यानं खोली दीडपट वाटते. पीओपीचं नक्षीदार छत मात्र इथं करू नका. उंची जाते आणि वाफेनं ते फुगतं. आतल्या पाईपांसाठी छत झाकायचंच असेल तर पीव्हीसीचे साधे पॅनल पुरेत.

काचेचं पार्टिशन घ्यावं का?

घरात अंघोळ कशी होते यावर ते आहे. आपल्याकडं निम्म्याहून जास्त घरांत शॉवर असतो शोभेला आणि अंघोळ बादली-तांब्यानंच होते. शॉवरचं पाणी वरून पडतं, तांब्याचं पाणी खाली आपटून गुडघ्याच्या उंचीवर उडतं. म्हणजे पाणी जास्त उडतं ते खालच्या दोन-तीन फुटांत. तिथं तीन-साडेतीन फुटांची टाइल लावलेली अर्धी भिंत काचेपेक्षा चांगलं काम करते, पुसावी लागत नाही आणि आजीला धरायला आधारही होतो.

काच हवीच असेल तर ८ किंवा १० मिलीमीटरची टफन्ड घ्या, बिजागऱ्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या आणि वायपर आतच टांगून ठेवा. अंघोळ करणाऱ्यानं बाहेर पडताना काच निपटायची, हा नियम घरात चालणार नसेल तर काच घेऊ नका. बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांत तिच्यावर पांढरी कांजिण्यांसारखी ठिपकेदार साय धरते.

अंघोळीची जागा बाकी फरशीपेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा, मधे ग्रॅनाइटची पट्टी द्या. ओलं-कोरडं वेगळं होतं ते या पट्टीनं आणि ढाळानं. काच त्याच्या पुढची गोष्ट आहे.

आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. नळ, टाइल्स सगळ्यावर पांढरे डाग पडतात. काय करावं?

हा प्रश्न जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून येतो तसा शहराच्या नव्या वसाहतींतूनही येतो. महापालिकेच्या नळाला कृष्णेचं पाणी येतं, ते बरंचसं मऊ असतं. बोअरच्या पाण्यात मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब सुकतो, क्षार मागं राहतो.

पहिलं काम पाण्याची तपासणी. तीत टीडीएस (पाण्यात विरघळलेलं एकूण सगळं) आणि कठीणपणा (त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) हे दोन आकडे वेगवेगळे बघा, बाथरूमच्या दृष्टीनं दुसरा महत्त्वाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा ६०० आहे. तुमचा आकडा ६००च्या पुढं असेल तर महागड्या नळांच्या आधी सॉफ्टनरचा विचार करा. सॉफ्टनर मिठावर चालतो. तो कठीणपणा घालवतो, टीडीएस फारसा कमी करत नाही, त्यामुळं त्याला पिण्याच्या पाण्याचं यंत्र समजू नका. ठरावीक दिवसांनी त्याला मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं आणि त्या धुण्यात पाणी जातं, हेही घेण्याआधी लक्षात घ्या.

आता रंगांबद्दल. सध्या काळ्या मॅट नळांची लाट आहे. फोटोत ते उठून दिसतात, जड पाण्यात तेच सगळ्यात आधी राखट होतात. काळी चकचकीत टाइलही तशीच. ज्यांच्याकडं बोअर आहे त्यांना मी साधा क्रोमचा नळ, आणि टाइलसाठी वाळूचा, राखेचा किंवा ताकासारखा पांढुरका रंग सुचवतो. डाग पडतात, पण डोळ्यांना टोचत नाहीत.

डाग काढायला मगभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून फडकं भिजवा, नळाला दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग पुसून स्वच्छ पाण्यानं धुवा. बाजारातलं तीव्र अ‍ॅसिड ओतलंत तर डाग जाईल, त्याबरोबर नळाची झिलई आणि टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही जाईल. शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, म्हणून त्यांच्यावर लिंबूसत्वसुद्धा नको.

टाइल कोणती घ्यावी?

फरशीला मॅट किंवा खरखरीत, भिंतीला तुमच्या आवडीची. दुकानात कोरडी टाइल हातानं चाचपून कळत नाही. दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागा, टाइलवर ओता आणि अनवाणी पाय ठेवून बघा. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आर-१०, आर-११ असं लिहिलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरगुती बाथरूमला आर-१० पुरतं, अंघोळीच्या जागेला आर-११ मिळाली तर उत्तम.

नरकचतुर्दशीची पहाट डोळ्यांपुढं आणा. घरातले सहाही जण अंगाला तेल लावून, उटणं चोळून एकामागून एक त्याच फरशीवर उभे राहणार. तिथं आरशासारखी ग्लॉसी टाइल म्हणजे घरात कुणाचं तरी हाड मोडायची तयारी.

फरशीची टाइल फार मोठी नको. १२ बाय १२ इंचांची टाइल चारी बाजूंनी ढाळ घेते. २ बाय ४ फुटांची घेतली तर जाळीकडं उतार देण्यासाठी ती तिरकी कापावी लागते आणि ते कापणं बहुतेक ठिकाणी ओबडधोबड दिसतं. भिंतीला मात्र २ बाय ४ची मोठी टाइल छान दिसते. ती सिमेंटच्या गोळ्यांवर चिकटवू देऊ नका, टाइल अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीनं पूर्ण पसरूनच लावायला सांगा. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी नाण्यानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेव्हाच काढून घ्यायची, पैसे देऊन झाल्यावर कुणी येत नाही.

सांध्यांत पांढरं सिमेंट भरायची जुनी सवय सोडा. लग्नघरातली हळद उतरवायची अंघोळ एकदा झाली की ते सांधे पिवळे पडतात, पुढं काळे होतात. दोन-तीन मिलीमीटरचा सांधा ठेवून इपॉक्सी ग्राउट भरलं तर खर्च वाढतो, पण पाणी आणि डाग दोन्ही आत शिरत नाहीत.

हॉटेलात शॉवर धो-धो पडतो, आमच्याकडं नुसता ठिबकतो. शॉवर बदलू का?

शॉवर बदलून काही होणार नाही. १० मीटर उंचीचं पाणी सुमारे १ बार दाब देतं. तुमची टाकी गच्चीवर चार फुटांच्या ओट्यावर आणि बाथरूम लगेच खालच्या मजल्यावर असेल, तर शॉवर आणि टाकीचा तळ यांच्यात सात-आठ फूट अंतर उरतं. म्हणजे दाब पाव बारच्या आतबाहेर. छतातून पडणाऱ्या मोठ्या पावसाळी शॉवरला साधारण १ बार तरी लागतो. अशा घरात एक तर प्रेशर पंप बसवा, नाही तर कमी दाबावर चालणारा लहान तोंडाचा शॉवर घ्या. तळमजल्यावर तोच शॉवर दुप्पट जोरात पडेल.

पंप बसवणार असाल तर तो पाईप बुजवण्याआधी ठरवा. आणि पाण्याचा हिशेबही करा: मिनिटाला ८ ते १० लिटर सोडणारा शॉवर दहा मिनिटांत शंभराच्या घरात जातो, बादलीची अंघोळ वीस लिटरमध्ये होते. मे महिन्यात एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात दोन्हींची सोय ठेवावी. बादलीचा नळ जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर, म्हणजे बादली त्याखाली सरळ बसते.

खालच्या खोलीच्या छताला ओल येते. टाइल्स बदलल्या तर थांबेल का?

टाइल हे वॉटरप्रूफिंग नाही. हे वाक्य मी जितक्या घरांत सांगितलं असेल तितक्या घरांत त्यावर वाद झाला आहे. पाणी सांध्यांतून खाली उतरतंच. त्याला अडवणारा थर टाइलच्या खाली असतो, आणि तो नसेल तर वरून कितीही सुंदर करा, ओल येणारच.

नवं काम असेल तर क्रम असा. स्लॅब खरवडून साफ करायचा. पाईप जिथं स्लॅबमधून खाली जातात ती भोकं न आकसणाऱ्या ग्राउटनं भरायची. गळती सर्वात जास्त इथूनच होते. फरशी आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा द्यायचा, कारण काटकोनात थर तडकतो. मग दोन घटकांचं सिमेंटी कोटिंग, दोन हात, एक आडवा एक उभा. भिंतींवर ते सगळीकडं फूटभर आणि अंघोळीच्या जागी सहा फुटांपर्यंत चढवायचं. ते वाळलं की दारात विटांचा बांध घालून, जाळ्या बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवायचं आणि खालच्या छताकडं बघत बसायचं. मिस्त्री म्हणेल, "साहेब, काही होत नाही, लावू टाइल." लावू देऊ नका. हे दोन दिवस वाचवून मी एकदा, कामाला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत, एका घराची नवी कोरी बाथरूम पुन्हा फोडली आहे. त्या घरच्या वहिनी काही बोलल्या नाहीत, चहासुद्धा दिला. पण तेव्हापासून पाण्याची चाचणी झाल्याशिवाय मी टाइलचं खोकं उघडू देत नाही.

जुन्या बाथरूममध्ये फोडाफोड करण्याआधी पाईप तपासा. नळ बंद ठेवूनही ओल वाढत असेल तर दोष पाईपात. फक्त अंघोळीनंतर वाढत असेल तर सांध्यांत किंवा जाळीभोवती. सांध्यांतलं जुनं भरण खरवडून इपॉक्सी भरल्यानं काही घरांत काम भागतं.

ढाळ किती द्यावा?

दर ८ फुटांना एक इंच, म्हणजे साधारण १०० ला १. अंघोळीच्या जागी थोडा जास्त. ढाळ दारापासून दूर, जाळीकडे. फरशी बसवताना स्वतः उभे राहा आणि बादलीभर पाणी ओतून बघा.

गावभागातला आमचा जुना वाडा आहे. वरच्या मजल्यावर बाथरूम काढता येईल का?

लाकडी तुळया आणि मातीच्या भरावाच्या जमिनीवर नको. ओल लाकडात शिरली की ते आतून कुजतं आणि वरून काही कळत नाही. वाड्यात बाथरूम खाली, परसाच्या बाजूला काढा. जुन्या लोकांनी न्हाणी तिथं ठेवली होती ती विचार करूनच. वरच्या मजल्यावर हवीच असेल तर वाड्याला टेकून, पण स्वतंत्र पायावर आरसीसीची उभी चौकट बांधून तीत काढावी.

इथं सांगलीची काळी माती आड येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. नंतर जोडलेली बाथरूम मूळ घरापेक्षा वेगळी हलते. म्हणून काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून दबई करायची आणि जुन्या व नव्या भिंतीत सरळ फट ठेवून ती लवचीक सीलंटनं भरायची. दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवल्या की दोन पावसाळ्यांत तिरकी भेग ठरलेली. या भेगेजवळून जाणारा पाईपही तुटतो.

दगड-मातीच्या जाड भिंतीत पाईपासाठी खाचा पाडू नका. पाईप बाहेरूनच न्या आणि ते लपवण्यापेक्षा तांब्याचे किंवा पितळेचे उघडे नळ निवडा. वाड्याला ते शोभतं.

आमच्या भागात पुराचं पाणी येतं. अशा घरात चांगली बाथरूम करण्यात अर्थ आहे का?

आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ आणि २०२१ सालीही गाळ घरांत शिरला होता. पुरानंतर घर साफ करायला गेलेल्या प्रत्येकाला आठवतं की पाणी आधी दारातून आलं नव्हतं, बाथरूमच्या जाळीतून आणि कमोडमधून आलं होतं. गटारं तुंबली की मैलापाणी उलटं चढतं.

त्यामुळं तळमजल्याच्या बाथरूमची सजावट सांडपाण्याच्या पाईपापासून सुरू करा. घरातून बाहेर जाणाऱ्या मुख्य पाईपावर, चेंबरमध्ये, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवा आणि दर जूनला तो उघडून साफ करा, कारण कचरा अडकला की तो बंद होत नाही. टाइल छतापर्यंत लावा म्हणजे गाळ धुऊन निघतो. दार आणि चौकट प्लायवूडची नको. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली), अ‍ॅल्युमिनियम किंवा ग्रॅनाइटची चौकट घ्या. बेसिनखाली लाकडी कपाट नको, ग्रॅनाइटची उघडी मांडणी करा. गीझर, स्विच, पंपाची जोडणी मागच्या पुराच्या खुणेच्या वर. आणि जमत असेल तर घरातली एक बाथरूम, साधी का असेना, वरच्या मजल्यावर असू द्या. पाण्यानं वेढलेल्या घरात माणसं दोन-दोन दिवस अडकून पडतात तेव्हा तिची किंमत कळते. म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तर जास्तच.

पूर ओसरल्यावर गाळ वाळण्याआधी धुवा. ब्लीचिंग पावडर वापरताना त्यात अ‍ॅसिडचं टॉयलेट क्लीनर मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो.

आपल्याकडचं, मराठमोळं वाटेल असं काही करता येईल का?

या प्रश्नाची मी वाट बघत असतो. फोटोतल्या बाथरूम बहुतेक परक्या थंड देशातल्या असतात. आपल्याकडं न्हाणी होती, तिच्यात तापलेला तांब्याचा बंब होता, घंगाळ होतं, दगडी फरशी होती, कोनाडा होता, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर परसात अळू आणि केळी वाढायची. यातलं बरंच काही आजच्या बाथरूममध्ये बसतं.

कोनाड्यापासून सुरुवात करा. साबण-शाम्पूच्या प्लास्टिकच्या जाळ्या भिंतीला लटकवण्यापेक्षा अंघोळीच्या भिंतीत एक फूट बाय दोन फुटांचा कोनाडा ठेवा, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर, टाइलच्या सांध्याशी जुळवून. तळाला एकसंध ग्रॅनाइटची पट्टी, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. चार इंची भिंतीत तो होत नाही, आणि पावसाचा मारा लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीत करू नये.

घरात जुनं घंगाळ पडून असेल तर त्याचं बेसिन होतं. तांबटाकडून तळाला सव्वा इंची वेस्ट कपलिंगचं भोक पाडून घ्यायचं, कडा झाळून घ्यायच्या आणि काळ्या दगडाच्या ओट्यावर ते बसवायचं. त्याला वरचं ओव्हरफ्लोचं भोक नसतं, त्यामुळं जाळी बंद करून नळ चालू ठेवायचा नाही. तांबं काळवंडणार, आठवड्यातून एकदा चिंचेनं घासायची तयारी असेल त्यांनीच हे करावं. ज्यांना काळवंडलेलं तांबंच आवडतं त्यांनी तसंच ठेवावं, मलाही तेच जास्त आवडतं.

रंगात, सांगली हळदीची पेठ. तीन भिंती पांढुरक्या आणि बेसिनमागची एकच भिंत हळदीच्या पिवळ्या लहान टाइल्सची, जोडीला काळा दगड आणि पितळी हुक. मिरजेतल्या एका घरात सतारीच्या भोपळ्यासारखा तपकिरी-केशरी रंग घेतला होता, तोही फार खुलला. एका बाथरूममध्ये एकच असा ठळक रंग पुरे.

आणि पाणी. कमोडची आणि अंघोळीची लाईन वेगळी ठेवलीत तर अंघोळीचं पाणी परसातल्या केळीला, कर्दळीला देता येतं. जागा असेल तर अंघोळीच्या बाजूला उंच खिडकी ठेवून बाहेर केळच लावा. सकाळचं ऊन त्या पानांतून आत येतं तेव्हा दुसऱ्या सजावटीची गरज वाटत नाही.

गीझर कोणता? सोलर ठेवावा का?

आपल्याकडं ऊन भरपूर, त्यामुळं गच्ची मोकळी असेल तर सोलर चांगलाच. चौघांच्या घराला १०० ते १५० लिटरचा पुरतो. जड पाण्यात काचेच्या नळ्यांचा सोलर आतून क्षारानं भरतो. तिथं हीट एक्स्चेंजर असलेला घ्या, म्हणजे बोअरचं पाणी नळ्यांत न जाता वेगळं तापतं. पावसाळ्यासाठी विजेचा गीझर जोडीला लागतोच. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण १८ ते २० मिनिटं घेतो, २५ लिटरचा अर्धा तास. बादली-अंघोळीला १५ लिटर बस्स. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरची जोडणी, बटण बाथरूमबाहेर, चांगलं अर्थिंग आणि मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारं बटण, हवा. यात तडजोड नाही.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नका. खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे, म्हणूनही नको. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद बाथरूममध्ये माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. तो बाहेर उघड्यावर बसवून गरम पाणी पाईपानं आत घ्या.

आई-वडील थकलेत. त्यांच्यासाठी काय बदल करावेत?

कमोडची उंची १८ इंच, त्याच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी ३३ ते ३६ इंचांवर आधाराची दांडी. दांडी विटेच्या भिंतीत अँकरनं घट्ट बसलेली हवी; चोषकानं चिकटणारी दांडी जीव घेते. पाटाऐवजी १७-१८ इंच उंचीचा पक्का ग्रॅनाइटचा कट्टा करा, कडा गोल करून. दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरूनही उघडता येणारी. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं. दार तीन फुटांचं ठेवता आलं तर चाकाची खुर्ची जाते. रात्रीसाठी पायाच्या उंचीवर मंद दिवा.

देशी भांडं की कमोड?

दोन बाथरूम असतील तर एक-एक. एकच असेल तर कमोड, कारण गुडघे सगळ्यांचेच म्हातारे होतात. कमोड आधी विकत घ्या, पाईप मग बसवा. एस-ट्रॅपचं, म्हणजे फरशीतून खाली जाणाऱ्या कमोडच्या तोंडाचं, भिंतीपासूनचं अंतर ९ इंच की १२ इंच हे भांड्यावर ठरतं, आणि नंतर कळलं तर फरशी फोडावी लागते.

बाथरूम धुतली तरी वास येतो. का?

जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठून राहिलं पाहिजे, त्यानंच गटारातला वास अडतो. प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तो हाच; आपल्या न्हाणीचंच नाव त्यात आहे. पाण्याचा थर ५० मिलीमीटरचा हवा. पाहुण्यांची बाथरूम महिनाभर बंद राहिली की तो सुकतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा. रोजच्या बाथरूममध्येही वास असेल तर प्लंबरनं ट्रॅप न बसवता सरळ पाईप जोडला आहे का, आणि मैल्याच्या लाईनला गच्चीपर्यंत व्हेंट पाईप आहे का, ते बघा.

दिवे आणि हवा?

छताच्या मधोमध एकच दिवा लावला तर आरशात डोळ्यांखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे लावा. एक्झॉस्ट पंखा खिडकीच्या वरच्या भागात, दाराच्या समोरच्या टोकाला. दाराखाली अर्धा इंच फट ठेवा, नाही तर पंखा ओढेल कुठून?

वास्तू बघावी का?

बघायची असेल तर नकाशा काढताना बघा. स्लॅब पडल्यावर कमोडची जागा बदलणं म्हणजे उताराशी आणि गळतीशी भांडण.

टाइल्स किती घ्यायच्या, आणि पैसे कुठं वाचवायचे?

५ बाय ८ ची बाथरूम धरा. चारी भिंतींचा घेर २६ फूट, सात फुटांपर्यंत टाइल म्हणजे १८२ चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले की साधारण १६५. तूटफूट दहा टक्के धरून भिंतीला १८० आणि फरशीला ४४ चौरस फूट घ्या. सगळी खोकी एकाच बॅचची आहेत का ते उतरवून घेतानाच बघा, आणि काम झाल्यावर एक खोकं माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी तीच टाइल मिळत नाही.

पैसे वाचवायचे ते भिंतीच्या टाइलमध्ये, आरशात, बेसिनमध्ये. हे सगळं पुढं बदलता येतं. भिंतीच्या आत जे जातं तिथं हात आखडू नका: वॉटरप्रूफिंग, पाईप, डायव्हर्टरचा (पाणी शॉवरकडं की नळाकडं ते वळवणाऱ्या नळाचा) आतला भाग, लपलेली टाकी. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाईपच. साधा यूपीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो.

काम चालू असताना आम्ही काय बघायचं?

पाईप टाकून झाले की गिलाव्याआधी पंपानं १० बारचा दाब देऊन ठेवायला सांगा आणि काटा खाली येतो का ते तासाभरानं बघा. मग प्रत्येक भिंतीला मोजमापाची टेप लावून, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून किती अंतरावर पाईप आहे हे दिसेल असे फोटो काढा. पुढं टॉवेलची दांडी बसवायला ड्रिल मारायचं असेल तेव्हा हे फोटो लागतात. मोबाईल बदलतात, म्हणून एक प्रिंट काढून घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवा.